टेट्रिसमध्ये असं काय आहे की ते जुनं होत नाही?

अबोली_सातारा
मंडळी, भाची सहावीत आहे. टॅबवर सतत नवे गेम घेते आणि कंटाळा आला की उडवते. मे महिन्यात माहेरी माळा आवरताना माझा जुना ब्रिक गेम सापडला. तोच, वर '9999 इन 1' लिहिलेला, बाबांनी जत्रेतून आणलेला. नवे पेन्सिल सेल घातले आणि चक्क चालू झाला. पडदा करडा, आवाज कर्कश, गोष्ट नाही की पात्रं नाहीत. तरी पोरगी जेवायला उठेना. रात्री आई खेळत बसली, ती सत्तरीची आहे. मग मीही. नव्या गेमांवर एवढी माणसं राबतात, आणि टेट्रिसच्या वरून पडणाऱ्या विटा आम्हा तिघींना धरून ठेवतात, हे कसं? आणि हवी तेव्हा ती सरळ चार घरांची उभी काठी येत नाही, हे यंत्र मुद्दाम करतं का?

गणिताचा_मास्तर
अबोलीताई, माझ्या आवडीचा विषय काढलात, त्यामुळे जरा लांब लिहितो.

आधी तुमच्या हातातल्या यंत्राबद्दल. त्याचा पडदा 10 घरं रुंद आणि 20 घरं उंच आहे, मोजून बघा. टेट्रिसची पाटी नेमकी तेवढीच असते. म्हणजे ते खेळणं टेट्रिसच्या मापाने बेतलंय. गाड्या, रणगाडे, साप हे सगळं नंतर त्याच घरांत बसवलेलं. 9999 हा आकडाही मूळच्या थोड्याशा खेळांचे वेग आणि पातळ्या बदलून फुगवलेला.

टेट्रिस 1984 साली मॉस्कोत जन्मलं. अलेक्सेई पाजित्नोव तिथल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत होते. त्यांना पेंटोमिनोची कोडी आवडायची: पाच-पाच चौकोनांचे 12 तुकडे पेटीत नीट बसवायचे. संगणकावर आणताना त्यांनी पाचाचे चार चौकोन केले. चारांचे आकार फक्त 7 होतात, आरशातली जोडी वेगळी धरूनसुद्धा. बारा आकार वरून पडताना डोक्यात धरणं जड जातं. सात आकार थोड्याच वेळात पाठ होतात आणि मग हात आपोआप वळतो. तुमच्या आई सत्तरीत खेळू शकल्या त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. ज्या इलेक्ट्रॉनिका-60 वर हे लिहिलं त्याला चित्र काढताच येत नव्हतं, म्हणून विटा चौकटी कंसांच्या केल्या होत्या. तुमचा करडा पडदा त्यापेक्षा श्रीमंत म्हणायचा.

पण खरी किल्ली पुढे आहे. पहिल्या रूपात पाटी काही सेकंदांतच भरून जायची आणि खेळ संपायचा. भरलेली ओळ तर पुढे कशाच्याच उपयोगाची नसते, मग ती काढूनच टाकावी, असं पाजित्नोवांना सुचलं. या एका निर्णयाने कोड्याचा स्वभाव बदलला. शब्दकोडं किंवा सुडोकू दुसऱ्या कुणीतरी आखलेलं असतं. टेट्रिसमध्ये समोरचा खड्डा तुम्हीच थोड्या वेळापूर्वी तयार केलेला असतो. यंत्र फक्त तुकडा देतं. पाटीवर काय उरलंय ते सगळं तुमच्या हातचं. म्हणून दोन डाव सारखे होत नाहीत, आणि आपल्या हातचं आपणच सोडवावं असं मनापासून वाटतं. माझ्या मते या खेळाची ओढ इथे आहे. बाकी रंग-संगीत नसलं तरी चालतं, हे तुमच्या घरीच सिद्ध झालं.

काठीचं म्हणाल तर बहुतेक जण एका कडेला एक घर रुंदीची विहीर मोकळी ठेवतात. उरलेल्या 9 उभ्या रांगा चार थरांपर्यंत भरायला 36 घरं लागतात, म्हणजे बरोबर 9 तुकडे. दहावा तुकडा म्हणून काठी आली की चारही ओळी एकदम उडतात. वाट बघणं तुम्ही स्वतःहून पत्करलेलं असतं, म्हणूनच ते एवढं लागतं.

रोहन_डोंबिवली
मास्तर, काठीवर थोडी भर. नव्या टेट्रिसमध्ये सातही तुकडे एका पिशवीत घातल्यासारखे पिसून देतात, पिशवी रिकामी झाल्यावरच दुसरी. त्यामुळे दोन काठ्यांच्या मध्ये जास्तीत जास्त 12 तुकडे येतात. 1989 च्या निन्टेंडोवाल्या (निन्टेंडो कंपनीच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरच्या) टेट्रिसमध्ये अशी हमी नाही, दुष्काळ कितीही लांबतो. यंत्र दुष्टपणा करत नाही, चिठ्ठ्या उचलतं इतकंच.

मी मोबाइलवर पिशवीवालं खेळतो आणि तेच बरं वाटतं. हरलो तर दोष नशिबाचा नसतो.

आणि हो, त्या निन्टेंडोवाल्यात 29 व्या पातळीला तुकडे इतक्या वेगाने पडतात की बटण दाबून धरलं तर कडेपर्यंत पोचतच नाहीत. तिथे खेळ संपतो असं वर्षानुवर्षं धरून चालत. मग पोरांनी कंट्रोलर धरायची पद्धतच बदलली: अंगठा बटणावर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीवर भराभर टकटक करायची. डिसेंबर 2023 मध्ये ओक्लाहोमाचा एक 13 वर्षांचा मुलगा 157 व्या पातळीला पोचला आणि खेळच गोठला. माणसापुढे यंत्राने हात टेकले! गेम त्याच्या जन्माच्याही वीसेक वर्षं आधीचा. तो व्हिडिओ मी आईला दाखवला, तिने टाळ्या वाजवल्या.

सायली_जे
झोपताना डोळे मिटले की विटा पडताना दिसतात का तुम्हाला? मला कॉलेजात दिसायच्या, कपाटातली पुस्तकंसुद्धा मनात फिरवून बसवायचे. यावर हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांचं संशोधन आहे, 2000 साली 'सायन्स'मध्ये आलेलं. त्यात स्मृतिभ्रंशाचे रुग्णही होते. आपण हा गेम खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी त्यांच्यातल्या काहींना झोप लागताना पडणारे आकार दिसले. वाचून अंगावर काटा आला होता.

अबोली_सातारा
सायलीताई, भाचीला दिसतात! सकाळी उठून सांगत होती, मला वाटलं थापा मारतेय. मास्तर, ती विचारतेय की कितीही चांगलं खेळलं तरी हरायचंच का? आणि यंत्र हातातून काढून घेतल्यावर करण्यासारखं काही सुचवा.

गणिताचा_मास्तर
रोहन, पिशवी न्याय्य आहे हे मान्य. मला मात्र दुष्काळच आवडतो. काठी येणार हे ठाऊक असताना वाट बघणं आणि ठाऊक नसताना बघणं, यांत दुसऱ्यात विहीर बुजवायची की नाही हा निर्णय खरा होतो.

ताई, भाचीचा प्रश्न फार चांगला आहे. तुकडे निव्वळ चिठ्ठ्यांनी येत असतील तर हो, कधीतरी हरायचंच. गणितज्ञ हायडी बर्गील यांनी 1997 मध्ये दाखवलं की एस आणि झेड हे दोन नागमोडी तुकडे आलटून पालटून पुरेसे येत राहिले, तर कुणालाही पाटी वाचवता येत नाही. आणि अनंत काळ चिठ्ठ्या उचलल्या तर तशी लांब माळ कधीतरी येतेच. माणसाच्या आयुष्यात येईल असं नाही, हेही तिला सांगा.

यंत्राविना करायचं असेल तर आलेखाच्या वहीतून सातही आकार कापायला लावा. एकूण 28 घरं होतात. ती 4 बाय 7 च्या आयतात बसवून दाखव म्हणा. खूप प्रयत्न करू दे, लगेच काही सांगू नका. नंतर त्या आयतात बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरं रंगवायला सांगा, दोन्ही 14-14 होतील. सहा तुकडे कुठेही ठेवले तरी 2 काळी, 2 पांढरी झाकतात. इंग्रजी टीच्या आकाराचा तुकडा मात्र 3 आणि 1. मग बेरीज 15 आणि 13 अशीच येणार, 14-14 कधीच नाही. हे तिचं तिला दिसलं तर इथे नक्की कळवा. आणि ब्रिक गेम पुन्हा माळ्यावर टाकायचा असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर पाझरून पट्ट्या गंजतात.