मदत हवी आहे: घरी पाईपची ऑफ-रोड बग्गी बनवायची आहे, दीड लाखात बसवता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा, मानेवाड्याकडे राहतो. पोटापाण्याचा धंदा वेगळाच आहे, पण हात चालतात. घरचं गेट आणि जिन्याचं रेलिंग मीच वेल्ड केलंय. आता पाईपच्या सांगाड्याची, दोन सीटची, मागे इंजिन असलेली बग्गी करायची आहे. चालवणार फक्त कळमेश्वरकडच्या आमच्या शेतात आणि त्याला लागून मामाचं मुरमाड पडीक रान आहे तिथे. रस्त्यावर आणायची नाही. घरी बनवलेल्या गाडीचं पासिंग (आरटीओत नोंदणी) होत नाही हे माहीत आहे, तेव्हा कृपया चर्चा तिकडे नेऊ नका.

खिशात दीड लाख आहेत आणि यादी गेली १ लाख ८७ हजारांवर. कात्री कुठे लावू?

हिशोब असा. चालू स्थितीतली जुनी मारुती ८०० अख्खी घ्यायची, ३५ हजार. सुटं इंजिन, सुटा गिअरबॉक्स, सुटे ड्राइव्हशाफ्ट असं गोळा करत बसलो तर तेवढेच पैसे जातात आणि काय जुळेल काय नाही याची खात्री नसते. ३७ अश्वशक्तीचं कार्ब्युरेटरचं इंजिन आहे, मेकॅनिक गल्लोगल्ली मिळतात. त्यावर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट, कार्ब्युरेटर किट असे ९ हजार धरले.

सांगाड्याला ३८ मिमी बाहेरच्या व्यासाचा, अडीच मिमी जाडीचा पाईप साधारण २८ मीटर आणि आडव्या-तिरप्या आधारांना २५ मिमीचा, दोन मिमी जाडीचा २२ मीटर. वजन ८७ किलोच्या आसपास येतं, तुकडे वाया जाणार म्हणून १०० किलो धरलं. ईआरडब्ल्यू (पत्रा गोल वळवून शिवण वेल्ड केलेला) पाईप ११० रुपये किलोने ११ हजार, बेंडिंग हिंगणा एमआयडीसीत करून घ्यायचं ४ हजार. पुढचे ए-आर्म (चाक सांगाड्याला जोडणारे वरखाली हलणारे दांडे), बुश, रॉड एंड वगैरे १२ हजार, पुढचे शॉकअप ९ हजार. ब्रेकचा नवा मास्टर सिलिंडर आणि पाइपा ६ हजार. दोन सीट आणि चार पट्ट्यांचे बेल्ट १४ हजार. वायरिंग, पेट्रोल टाकी, केबली, रेडिएटरचे होज १२ हजार. खालचा पत्रा, इंजिन आणि सीटमधला पत्रा, रंग मिळून ७ हजार. २०० अँपियरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, हेल्मेट, रॉड, कटिंग व्हील १८ हजार. आणि सगळ्यात मोठा घास टायरांचा: २५ इंची एटीव्ही टायर आणि रिमा, चारही मिळून ५० हजार.

मारुतीचं उरलेलं शेल (रिकामी बॉडी) भंगारात दिलं की दहाएक हजार परत येतील, ते यात धरलेले नाहीत. काम दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्याआधी उरकायचं आहे. मे महिन्यात आपल्याकडे टिनाच्या शेडखाली वेल्डिंग करायला माणूस नाही, भजं पाहिजे.

घरच्यांचं म्हणणं, एवढ्यात जुनी जिप्सी शोधा. तो सल्ला देऊन झालेला आहे, परत देऊ नये!

प्रतिसाद १

भाऊ, यादी बरी केली तुम्ही, पण टायर आत्ता काढून टाका. पहिल्या वर्षी बग्गी मारुतीच्याच १२ इंची रिमच्या चाकांवर उभी करा. ५० हजार तिथेच सुटले.

यात कंजुषीपेक्षा दुसरं कारण मोठं आहे. मारुतीच्या १४५/७० आर १२ टायरचा व्यास ५०८ मिमी, २५ इंची टायरचा ६३५. म्हणजे चाक सव्वापट, आणि तेवढ्याच इंजिनाचा चाकावरचा जोर वीस टक्क्यांनी कमी. गाडी हलकी झाली तरी चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच जळून राहतो. आधी लहान चाकांवर चालवून बघा, मग ठरवा. फक्त सांगाडा आणि ए-आर्म काढताना मोठं चाक वळवून आणि वरखाली करून जागा ठेवा, नाहीतर पुढे सगळं कापावं लागते. ग्राउंड क्लिअरन्स ६३ मिमीने कमी भरेल, तेवढं चालवून घ्या. आणि एटीव्ही टायर मारुतीच्या रिमवर चढवायचा विचार करू नका, ती रिम फार अरुंद आहे.

आता तुमच्या यादीत जे नाही ते. मारुतीचं पुढचं अख्खं प्रकरण, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, नकल (ज्यावर चाकाचा हब बसतो आणि स्टिअरिंगने वळतो तो भाग), डिस्क, तुम्ही मागे नेणार. मग पुढे काय लावाल? मारुतीच्या मागच्या अॅक्सलला चाक वळत नाही. म्हणजे पुढच्या नकल, हब, डिस्क, कॅलिपरची दुसरी जोडी भंगारातून आणावी लागते. आणि त्या हबचं बेअरिंग ड्राइव्हशाफ्टच्या टोकाने आवळून धरलेलं असते, तेव्हा बाहेरचे सीव्ही जॉइंटही (ड्राइव्हशाफ्टच्या टोकाचे वळते सांधे) घ्या, शाफ्ट कापून नुसतं टोक ठेवा. ८ हजार धरा.

मागच्या नकलला स्टिअरिंगचा जो हात असतो तो लांबी कमीजास्त करता येईल अशा रॉडने चासीला बांधा. सैल राहिला तर मागची चाकं आपापल्या मर्जीने वळतील.

इंजिन मागे नेताना ते फिरवू नका. तोंड होतं त्याच दिशेला ठेवा. उलटं बसवलं तर चार गिअर मागे जायचे आणि एक पुढे! गिअरचा दांडा मात्र आता पुढून हलवायचाय, त्याला ढकल-ओढ केबल लागते. तुमच्या वायरिंग-केबलींच्या १२ हजारांत ती नसेल तर टाका.

प्रतिसाद २

पासिंगचं बोलत नाही, पण मारुतीच्या कागदांचं बोलावंच लागेल. गाडी नावावर करून घ्या आणि कापायच्या आधी आरसी रद्द करण्याचं आरटीओत विचारा. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. चासी नंबर असलेलं शेल कुठल्याही भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि कागद घ्या. भाव थोडा कमी मिळेल, पण तुमच्या नावाचा नंबर दुसऱ्या गाडीवर फिरणार नाही. शेतापर्यंत बग्गी टेम्पोतच न्यावी लागेल, त्याचं भाडंही यादीत दिसत नाही.

प्रतिसाद ३

पाईपवर पैसे वाचवू नका. सीमलेस (बिनशिवणीचा) १७० रुपये किलो धरला तरी शंभर किलोला फरक पडतो ६ हजारांचा.

तरी ईआरडब्ल्यू म्हणजे वाईट असं नाही. गाड्यांसाठीचा आयएस ३०७४ चा असेल तर काम होतं, फक्त बेंड करताना शिवण वाकाच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला न येता बाजूला राहील असं बघा. इतवारीत लोहा ओळीत जाल तेव्हा "एक इंची पाईप द्या" असं म्हणू नका. पाण्याचा पाईप समोर येईल, त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो आणि तो या कामाचा नाही. व्हर्निअर घेऊन जा, टोकाची जाडी मोजा. जीआय (जस्त चढवलेला) तर अजिबात नको, वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत जातो.

अंदाजासाठी: इंजिनिअरिंगच्या पोरांच्या बाहा स्पर्धेत मुख्य पाईप २५ मिमीचा, ३ मिमी जाडीचा, कार्बन किमान ०.१८ टक्के, किंवा त्याच्या तोडीचा दुसरा चालतो. डोकं आणि सांगाडा यांत सहा इंच, बाकी अंगाला तीन इंच जागा. त्या गाड्यांचं इंजिन बरीच वर्षं दहा अश्वशक्तीचं असायचं आणि माणूस एकच बसतो. तुमचं त्याच्या जवळपास चौपट आणि माणसं दोन. तेव्हा ३८ मिमी बरोबर आहे, खाली येऊ नका.

आणि जॉइंट? गेट वेल्ड करणं आणि हे करणं यात फरक आहे. पाईपाला पाईप बसतो तिथे होलसॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) खाच पाडा, फट रॉडने भरू नका. तुम्ही नुसते टाके मारा आणि मुख्य जॉइंट एखाद्या सीओटू (गॅस सोडत तारेने करायच्या) वेल्डिंगवाल्याकडून पूर्ण करून घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. नकलचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

नवा हिशोब (हजारांत): १८७ मधून टायरचे ५० गेले, १३७ उरले. नकलचे ८ आणि सीमलेसचे ६ धरून १५१. रंगाऐवजी नुसतं रेडऑक्साइड मारून ४ वाचवतो, १४७. टेम्पो, दोन आयएसआय हेल्मेट, अग्निशामक, किल स्विच (इंजिन झटकन बंद करायचा), गिअर केबल मिळून १४ हजार लागतील असं दिसतंय, म्हणजे १६१. शेलचे दहा आले तर १५१. मुख्य जॉइंट बाहेरून करून घेतले तर मशीन घ्यायचंच कशाला, टाके मारायला भाड्याने आणतो. त्यात सात-आठ हजार सुटतात, पण वेल्डरची मजुरी ते खाईल.

सीट नव्या घेण्याऐवजी मारुतीच्याच पुढच्या सीट वापरल्या तर चालेल का? चौदापैकी निम्मे तरी वाचतील. बेल्ट नवेच घेणार.

प्रतिसाद १

सीट चालतील, पण मारुतीची पाठ मागे पडणारी असते. ती सांगाड्याच्या आडव्या पाईपाला टेकवून पक्की बांधा आणि खांद्याचे पट्टे त्याच पाईपावरून घ्या, सीटला बांधू नका. कमरेचे पट्टेही सांगाड्यालाच.

नकल आणायला जाल तेव्हा डाव्या-उजव्या दोन्ही एकाच गाडीच्या घ्या, आणि हब हाताने फिरवून बघा. घरघर आली तर बेअरिंगचे पैसे तिथेच भावातून कापा.