‘समन्वय साधावा’ म्हणजे नेमकं कोणी काय करायचं?

गोदाकाठ
इंदिरानगरात आमच्या इमारतीच्या जिन्यापाशी सूचना लागलीय : ‘पाण्याच्या वेळेबाबत भाडेकरूंनी समितीशी समन्वय साधावा.’ वेळ आधीच ठरलीय, सकाळी सहा ते सात. सातपूरहून रात्रपाळी करून साडेसातला येणाऱ्याला कोणी विचारलंही नाही. मग सरळ ‘वेळ पाळा’ लिहा ना! समन्वय म्हणजे सम् + अन्वय. शाळेत श्लोकाचा अन्वय लावायचो, म्हणजे शब्द अर्थाच्या क्रमाने मांडायचो, तेव्हा प्रत्येक पदाला जागा मिळायची, एकही गाळता येत नसे. वेदान्ताचा मूळ ग्रंथ ब्रह्मसूत्रं, त्यांचा पहिला अध्याय ‘समन्वयाध्याय’. निरनिराळ्या उपनिषदांतल्या वाक्यांचं तात्पर्य एकाच ब्रह्मात आहे हे तिथे दाखवलंय, पण त्यासाठी कुठलं वाक्य खोडलेलं नाही.

जुनं नाशिक
अजिबात पटलं नाही. शब्दाचं माहेर बघून त्याचा आजचा संसार ठरत नाही. 2015च्या सिंहस्थात रामकुंडावर स्वयंसेवक होतो. तिथे समन्वय म्हणजे गर्दी वाढली की कोणी कोणाला कळवायचं, एवढंच. सगळ्यांना कळत होतं, ब्रह्मसूत्र लागलं नाही. चूक तुमच्या समितीची आहे, शब्दाची नव्हे.

गोदाकाठ
पण तिथे निरोप दोन्हीकडून जात होते ना? माझंही म्हणणं तेच आहे.

हिशेबनीस
बाजार समितीत आम्ही ‘मेळ घालणं’ म्हणतो. संध्याकाळी रोकड आणि पावत्यांत दहा रुपयांचा फरक आला तर दोन्हीकडे शोधतो. रोकडीलाच ‘तू जुळवून घे’ म्हणून भागत नाही.

षड्ज
तंबोऱ्यासाठी आमचा शब्द ‘मिळवणं’. खुंटी पिळून तार सुराजवळ आणायची, मग मणी केसभर सरकवायचा. घोडीवर तारेखालचा दोरा जागेवर बसला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, बोलते आणि खोली भरून जाते. पंचमाची तार पंचमच राहते, खर्ज खर्जच. तरी गोदाकाठ, तुमच्या विरुद्ध एक सांगते : चारही तारा मिळवायच्या त्या गाणाऱ्याच्या पट्टीलाच, म्हणजे तो ज्या उंचीवर ‘सा’ धरतो तिला. आधार कोणातरी एकाचा धरावाच लागतो. सगळ्यांचं सारखं ऐकून तंबोरा लागत नाही.

जुनं नाशिक
हेच! समितीने वेळ ठरवली, बाकीच्यांनी तिला मिळवून घ्यावं.

षड्ज
तसं नाही हो. खुंटीला हात लावायच्या आधी आम्ही विचारतो, ‘काळी एक की पांढरी चार?’ म्हणजे पेटीची कोणती पट्टी तुमचा ‘सा’.

गोदाकाठ
हे मान्य. आधार एकच असू दे, पण आधी विचारा. उद्या समितीला लिहून देतो : रात्रपाळीवाल्यांची पट्टी कोणती?