खारघर: मुलासाठी लाकडी स्केटबोर्ड रॅम्प, सुतार सरळ फळीच सांगतोय

खारघरची_आई:
मुलगा १२ वर्षांचा. पॅरिस ऑलिम्पिकमधलं स्केटबोर्डिंग बघितल्यापासून बोर्ड हातातून सुटत नाही. सोसायटीने स्टिल्टमागचा कोपरा वापरायला दिलाय. सुतार म्हणतो, कमर्शिअल प्लायची एक तिरकी फळी खिळ्यांनी ठोकून देतो. मन घेत नाहीये. किती उंच करावा, कुठलं प्लाय घ्यावं? आणि पावसाची झड तिथे आत येते, त्याचं काय?

फर्मेवाला_ठाणे:
ताई, सरळ फळी अजिबात नको. या बोर्डाची चाकं जेमतेम ५०-५४ एमएमची आणि कडक. जमीन आणि फळी जिथे कोन करतात तिथे चाक आपटतं, बोर्ड थांबतो आणि पोरगं पुढे फेकलं जातं. गोलाईच हवी, तीही जमिनीशी समतल सुरू होणारी.

माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे धातू ओतायच्या साच्यांचे नमुने, बनवण्यात गेली, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. उंची २ फूट, त्रिज्या ६ फूट धरा. गोलाई जमिनीवर साडेचार फुटांत बसते आणि वरच्या टोकाला चढ ४८ अंशांच्या आसपास येतो. शिकणाऱ्याला तो झेपतो. त्रिज्या कमी केलीत तर तेवढ्याच उंचीला चढ फार खडा होईल.

आखायला दोरी घेऊ नका, ती ताणली जाते. सरळ रीप घ्या: एका टोकाला खिळा, तिथून ६ फुटांवर पेन्सिलीपुरतं भोक. प्लाय जमिनीवर आडवं टाका. गोलाई जिथे सुरू होणार तिथून, प्लायच्या खालच्या कडेशी काटकोनात, ६ फुटांवर खिळा आला पाहिजे. बाजू १८ एमएम प्लायच्या. वर उभं राहायला दीड फूट जागा धरूनही ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये दोन्ही निघतात. पहिली बाजू कापून पॉलिश पेपरने नीट घासा आणि तिचाच फर्मा करून दुसरी काढा. दोन्ही वेगवेगळ्या आखल्या तर फरक पडतो आणि रॅम्प डुलतो.

मजबुती सगळी आतल्या आडव्या पट्ट्यांत असते. दीड बाय तीन इंची पाइन, तीन इंची बाजू उभी ठेवून, दर ८ इंचांवर. सर्वात वर आणि सर्वात खाली दोन-दोन पट्ट्या जोडून. त्यावर ६ एमएम प्लायचे दोन थर. पातळ प्लाय सहज वाकतं. खिळे बोर्डाच्या हादऱ्याने वर येतात, म्हणून सगळीकडे स्क्रूच, आणि त्यांची डोकी पृष्ठभागाच्या आत बसवलेली.

पावसाचं: प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. तरीही पाणी शिरतं ते कडांतून. म्हणून जोडण्याआधीच प्रत्येक कापलेल्या कडेला ऑइल पेंटचे दोन हात द्या, स्क्रूच्या भोकांतही ब्रश फिरवा. ताडपत्री रॅम्पला घट्ट गुंडाळू नका, आत दमट राहून लाकूड कुजतं. खालून हवा खेळू द्या.

नेरुळ_स्केटर:
काकांचं सगळं बरोबर. एकच भर घालतो: प्लायची खालची कड जमिनीपासून १२ एमएम वर राहते आणि चाक तिथेच अडतं. कड रंध्याने उतरती करा, त्यावर २ एमएम लोखंडी पत्रा पूर्ण रुंदीभर, फूटभर जमिनीवर येईल असा. पत्र्याचे कोपरे घासून गोल करा. आणि रॅम्प भिंतीला टेकवू नका, मुलगा वरून मागे उतरतो तेव्हा जागा लागते.

खारघरची_आई:
काका, खूप आभार. रीप आणि खिळ्याचं सुताराला दाखवलं, तो तयार आहे. वरच्या मजल्यावरच्या आजी दुपारी झोपतात, आवाज किती होईल?

फर्मेवाला_ठाणे:
आतून पोकळ आहे, घुमणार. बाजूंच्या खाली जाड रबराच्या पट्ट्या लावा, रॅम्प सरकणारही नाही. आत वाळूच्या गोणी ठेवा. घुमणं बरंच दबतं. तरी २ ते ४ बंदच ठेवा, आजींना आधी जाऊन सांगा. आणि महिन्यातून एकदा स्क्रू हाताने तपासत जा, आधी सगळ्यात खालच्या पट्टीचे.