‘शंभर टक्के ओरिजिनल’ बॉबी आणि तिचा कँडी रेड रंग

जुना_पाना:
काल एका गृहस्थांनी आपल्या राजदूत जीटीएस मोटारसायकलचे फोटो टाकले. खाली ओळ होती: ‘बॉबी, कारखान्यातून निघाली होती अगदी तश्शी. शंभर टक्के ओरिजिनल रिस्टोरेशन.’ त्यावर बदामांचा पाऊस.

फोटो मोठे करून पाहिले. रंग कँडी रेड, वर काचेसारखा क्लिअर कोट. चासीला पावडर कोटिंग. इंजिनाच्या केसिंगवर स्टेनलेसचे ॲलन बोल्ट. हेडलाइटमध्ये एलईडी. सीटवर डायमंड शिलाई. आणि म्हणे शंभर टक्के! गाडी देखणी झालीय, त्याबद्दल काडीची तक्रार नाही. तक्रार त्या एका ओळीबद्दल आहे, कारण उद्या दुसरा कोणी आपली गाडी रंगवायला काढेल तेव्हा हेच फोटो पेंटरला दाखवेल. असं दोनचार वेळा झालं की खरी जीटीएस कशी दिसायची हे कुणालाच सांगता येणार नाही.

या गाडीची गंमत अशी की तिचं इंजिन दुर्मिळ नाही. एस्कॉर्ट्स कंपनीने आपल्या १७५ राजदूतचंच १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन हिच्यात घातलं. ती १७५, म्हणजे दूधवाल्यांची राजदूत, पुढे कितीतरी वर्षं निघत राहिली. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा शोधल्या तर आजही सापडतात. सापडत नाही तो जीटीएसचा स्वतःचा पत्रा. टाकी, मडगार्ड, सीटचा पाया, मोनोग्राम म्हणजे नावाचा बिल्ला. आणि त्या पत्र्यावरचा मूळ रंग तर एकदा घासला की गेलाच. तोच आपण सगळ्यात आधी घासतो! गाडी मेस्त्रीकडे गेली की पहिल्याच दिवशी पेंट रिमूव्हर.

रंग काढण्याआधी टाकी उतरवून खालची बाजू बघा. मोनोग्रामच्या मागे बघा. हेडलाइटच्या डब्यात आत बघा, सीटखाली बघा. जिथे ऊन पोचलं नाही तिथे रंग तसाच बसलेला असतो. एखाद्या कोपऱ्यात बारीक वॉटर पेपरने हलक्या हाताने तिरकं घासत गेलात तर वरचे सगळे रंग एकाखाली एक कड्यांसारखे उघडे पडतात. प्रायमरच्या लगेच वरचा तो कंपनीचा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण तेवढा धीर कुणाला?

राजहंस_१७५:
ती गाडी माझी. नाव न घेता लिहिलंत त्याबद्दल आभार, ओळखायची ती सगळ्यांनी ओळखलीच.

साहेब, ही गाडी मला गोठ्यात मिळाली. वरती कोंबड्या बसायच्या. टाकीला खालून भोकं, मडगार्ड अर्धा खाल्लेला, आणि मधल्या कुठल्यातरी मालकाने ब्रशने ऑइल पेंट मारलेला, बहुधा दाराच्या उरलेल्या डब्यातला. तुमचा तो प्रायमरच्या वरचा रंग शोधायला आधी प्रायमर तरी हवा ना? पत्राच नव्हता तिथे रंग कुठून आणू?

मग मी ‘बॉबी’ सिनेमा लावला आणि पडद्यावर दिसला तसा रंग जुळवून घेतला. लोक या गाडीला जीटीएस म्हणत नाहीत, बॉबी म्हणतात. १९७३ साली ज्यांनी ती पडद्यावर पाहिली त्यांच्या डोळ्यांतली गाडी मी उभी केली. त्याला तुम्ही खोटं म्हणा.

चहाटळ:
ओरिजिनल म्हणजे सायलेन्सरमधला धूर पण ओरिजिनल हवा हां. मागच्याचा शर्ट काळा झाला नाही तर मार्क कापा.

रंगारीण:
राजहंस, सिनेमावरून रंग जुळवणं म्हणजे जुन्या लग्नाच्या अल्बमवरून नवरीचा शालू जुळवणं. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटमध्ये निळसर छटा देणारा रंग सगळ्यात आधी उडतो, म्हणून जुन्या प्रिंट गुलाबी-तांबड्या दिसतात. पुढे कुणी ती प्रिंट साफ करून डिजिटल केली की त्याने स्वतःच्या अंदाजाने रंग सुधारलेले असतात. शिवाय तुमच्या टीव्हीचं सेटिंग. एवढ्या चाळण्यांतून गळून आलेला लाल तुम्ही पेंटरला दाखवलात.

मी रंगाच्या धंद्यात आहे म्हणून थोडं सविस्तर. कँडी म्हणजे खाली चंदेरी मेटॅलिक बेस, वर पारदर्शक रंगीत थर, त्यावर क्लिअर. प्रत्येक हाताबरोबर रंग गडद होत जातो. म्हणून टाकीला चार हात आणि मडगार्डला तीन लागले की दोन्ही वेगळे दिसतात, आणि तुमच्या तिसऱ्या फोटोत ते दिसतायत. आपल्याकडे त्या काळात साधा सॉलिड रंग असायचा, ड्यूको नाहीतर इनॅमल, वर वेगळा क्लिअर कोट नाही. त्याची चमक वरवरची, मऊ. आजच्या पीयूसारखी, म्हणजे पॉलियुरेथेन रंगासारखी खोल, ओली नाही.

आणि एक भांडण पाना यांच्याशीही. जुना रंग घासून बघा असं सरळ सांगून मोकळे होऊ नका. जुन्या पिवळ्या-नारिंगी-लाल रंगांत शिशाचे क्रोमेट असायचे. कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, मास्क घाला, आणि तो चिखल पोरं खेळतात त्या अंगणात ओतू नका.

जुना_पाना:
वॉटर पेपर म्हटलं होतं, ताई. पाणी त्यातच आलं. मास्कचं मान्य.

तेलपाणी:
तुमचं रंगपुराण चालू द्या. माझा प्रश्न वेगळा आहे. पीरियड करेक्ट, म्हणजे सगळं त्या काळातलंच हवं, म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्या गाडीवर अंधारात घाट उतरलेत?

वडिलांचं गॅरेज होतं, मी राजदूतवरच शिकलो. सहा व्होल्टचा दिवा. रेस दिली तर उजेड, रेस सोडली की उदबत्ती. म्हणजे वळणावर तुम्ही हळू होता आणि नेमका तेव्हाच दिवा मंद. एकदा रात्री गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला निघालो होतो. उतारावर रेस सोडली आणि पुढे रस्त्यातच उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. हँडल मोडून बाजूच्या चारीत गेलो म्हणून आज टाइप करतोय. खुब्यात रॉड आहे.

त्या ट्रॉल्यांबद्दल कोणी धागा काढत नाही बघा. दर हंगामात माणसं मरतात. साधी लाल पट्टी चिकटवायला काय लागतं? पण नाही. आपण मोनोग्रामच्या मागे कुठला रंग ते शोधणार.

राजहंस यांनी एलईडी लावला, उत्तम केलं. मी तर बारा व्होल्टचं कॉइल-रेक्टिफायरसुद्धा घालून दिलं असतं.

राजहंस_१७५:
बारा व्होल्टच आहे. सांगितलं नव्हतं, नाहीतर पाना साहेबांना झोप लागली नसती.

कागदी_वाघ:
मग एक बातमी ऐका. तुमची गाडी १९७५ च्या आधीची असेल तर ५० वर्षं ओलांडली. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नवीन नोंदणीला ₹२०,०००, ती १० वर्षं चालते, मग नूतनीकरणाला ₹५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

राजहंस_१७५:
वीस हजार! आणि मिळतं काय?

कागदी_वाघ:
रोज चालवायची नाही, एवढं मिळतं. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेणं, बस. भाजी आणायला नेलीत तर नियमभंग.

तेलपाणी:
वा! म्हणजे मूळ ठेवा आणि चालवू नका. दुचाकी आहे की देवाची पालखी?

जुना_पाना:
सक्ती नाहीये. साध्या नोंदणीवर पुनर्नोंदणी करून, पर्यावरण कर भरून चालवा ना. कोणी अडवलंय?

कागदी_वाघ:
पाना, तुम्ही कधी आरटीओच्या खिडकीवर उभे राहिलायत का? मला बोलायला लावू नका. वडिलांची गाडी, ते गेले, आरसी बुक वाळवीने खाल्लेलं. डुप्लिकेट काढायला गेलो तर म्हणे रेकॉर्ड संगणकावर चढलेलं नाही, जुनं रजिस्टर शोधावं लागेल. रजिस्टर शोधायला अर्ज. अर्जाला वारसांचं प्रतिज्ञापत्र. एका भावाची सही बाकी, तो दुबईत. तोवर साहेब बदलले. बाहेर झाडाखाली बसलेला एजंट मात्र म्हणाला, ‘उद्या आणून देतो.’ आणलं नाही त्याने, पैसे मात्र नेले. ती गाडी आजही घरात झाकून ठेवलीय. किक मारली की चालू होते, पण रस्त्यावर काढली की मी चोर. आणि तुम्ही इथे पीरियड करेक्ट!

चहाटळ:
कागदी वाघ यांचं आरसी बुक मात्र पीरियड करेक्ट होतं. वाळवीसकट.

कागदी_वाघ:
हसा. तुमच्या गाडीचे कागद आहेत का आधी बघा.

चहाटळ:
माझ्याकडे सायकल आहे.

रंगारीण:
या सगळ्यात खरे मजेत कोण आहेत सांगू? दलाल. ५० वर्षांचा नियम आला आणि गावोगाव फिरून ‘आजोबांची फटफटी आहे का’ विचारणारे सुरू झाले. माझ्या मामांकडून जीटीएस भंगाराच्या वजनावर नेली, आणि काही दिवसांनी तीच लाल होऊन ‘अनटच्ड, सिंगल ओनर’ म्हणून विकायला. मामा तिच्यावर कॉलेजला जायचे. जाहिरात बघून म्हणाले, ‘रंग आपला नाही पण पायदान वाकलंय ते मीच वाकवलेलं.’

राजहंस_१७५:
हे माझ्याबद्दल असेल तर स्पष्ट बोला. मी गाडी गोठ्याच्या मालकाकडून रोख पैसे देऊन, पावती घेऊन आणलीय.

रंगारीण:
तुमच्याबद्दल नाही. तुमचं पायदान सरळ आहे, फोटोत पाहिलं. पण ‘शंभर टक्के ओरिजिनल’ ही ओळ दलालांचीच भाषा आहे, म्हणून पाना चिडले असतील.

जुना_पाना:
तेच तर सकाळपासून सांगतोय! धागा आरटीओत नेऊन बसवलात सगळ्यांनी. मोटारींच्या जगात जागतिक पातळीवरची संस्था आहे, फिवा. तिच्या ट्यूरिन सनदेत जतन आणि रिस्टोरेशन या वेगळ्या गोष्टी धरल्यात, आणि जे काही कराल त्याची नोंद ठेवा असा आग्रह आहे. अमेरिकेतल्या एएसीए क्लबात तर न रंगवलेल्या, मूळ अवस्थेतल्या गाड्यांना वेगळा वर्गच आहे. गंजासकट. आपल्याकडे गंजकी गाडी रॅलीत आणली की लोक विचारतात, ‘काम बाकी आहे का?’

तेलपाणी:
मग ब्रेक शूसुद्धा मूळच ठेवा. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. आमच्याकडे पोरगा ड्रम उघडून कॉम्प्रेसरने फुंकर मारायचा, सगळी धूळ नाकात. आज मी तसं कुणाला करू देणार नाही. ओला कपडा, आणि नवीन बिन-ॲस्बेस्टॉस लायनर. टायरचंही तेच. कंपनीचं मूळ टायर सापडलं म्हणून नाचतात लोक. ५० वर्षांचं रबर ते, लाकूड झालेलं असतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून दाखवा.

जुना_पाना:
ब्रेक, टायर, केबल, पेट्रोलचा पाइप, यात मूळचा हट्ट मी कधीच धरला नाही. वरती शब्द शोधून दाखवा. माझा मुद्दा रंग, पत्रा, बोल्ट. आणि जे बदललं ते बदललं म्हणून लिहिण्याचा.

तेलपाणी:
आणि सहा व्होल्ट?

जुना_पाना:
…मूळ वायरिंगचा हार्नेस कापला नसेल तर बारा चालेल. जुना काढून पिशवीत बांधून ठेवा, पुढच्या मालकाला परत लावता आला पाहिजे. खुब्यातल्या रॉडला वंदन म्हणून एवढं. जास्त नाही.

तेलपाणी:
लाख उपकार, महाराज.

राजहंस_१७५:
आता बोल्टांवर या. स्टेनलेसला गंज लागत नाही, ॲलन चावीने पटकन उघडतो, जुने स्क्रू छिन्नी-हातोडीने खाल्लेले होते. नक्की पाप काय आहे?

जुना_पाना:
दोन पापं. एक, ते त्या काळी नव्हते आणि गाडीकडे पाहताना नजर आधी तिथेच जाते. दुसरं जास्त महत्त्वाचं. केसिंग ॲल्युमिनियमचं. स्टेनलेस त्यात कोरडा बसवला आणि ओल लागली की ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. पांढरी भुकटी धरते, मग बोल्ट जाम, जोर लावला की आटे घेऊनच बाहेर. ग्रीस किंवा अँटीसीझ लावलंत का?

राजहंस_१७५:
मेस्त्रीने बसवलेत.

तेलपाणी:
म्हणजे नाही लावलं. यात मी पानाच्या बाजूने, नाइलाज आहे.

रंगारीण:
आणि पावडर कोट चासी नंबरावर चढलाय का बघा. त्याचा थर जाड असतो. आकडे बुजले तर कागदी वाघांच्या खिडकीवर तुम्हीही.

राजहंस_१७५:
नंबर वाचता येतो. टॉर्च तिरका धरला की.

बरं. बदामवाल्यांना उत्तरं देऊन कंटाळलो, मथळा बदलतो: ‘राजदूत जीटीएस, माझ्या आवडीने केलेली. रंग कंपनीचा नाही.’ खाली बदललेल्या गोष्टींची यादी टाकतो, एलईडी आणि बारा व्होल्टसकट. ॲलन बोल्ट काढतो. लाल रंग राहणार, त्यावर एक अक्षर ऐकणार नाही. पाना साहेब समाधानी असतील तर तसं कळवू नका, मला त्रास होईल.

केसिंगचे जुने स्क्रू कुणाकडे असतील तर सांगा. फुकट नकोत.

तेलपाणी:
वडिलांच्या डब्यात १७५ चे आहेत. इंजिन तेच, बसतील. पोस्टाने पाठवतो, बाकी पैसे नकोत पण टपालखर्च तुमचा.

जुना_पाना:
डोकी तपासून पाठवा. त्या डब्यात स्कूटरचे मिसळलेले असणार.

तेलपाणी:
माझ्या वडिलांच्या डब्यात? स्कूटरचे?