श्रमदानाची शेती : भाजी की फोटो?

रामबागकर
मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात परवा एका सद्गृहस्थांनी जे लिहिलं, त्याला तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून इथे. त्यांचं म्हणणं असं : इंदूरबाहेर, राऊच्या पुढे, आम्ही काही जण दर रविवारी भाजी पिकवून अन्नछत्रांना देतो, तो ‘पेन्शनरांचा फोटोचा कार्यक्रम’ आहे. तेवढ्या पेट्रोलमध्ये चोइथराम मंडीतून टेम्पो भरून भाजी येईल. भुकेल्यांची एवढी कळकळ असेल तर चेक फाडा आणि घरी बसा.

चेक फाडला की काय येतं, सांगू? बटाटा. स्वस्त पडतो, टिकतो, आणि देणगीदाराला ‘इतकी पोती दिली’ असं सांगायला बरा. अहो, गहू-तांदळाची सोय आहे. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने साध्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३पासून तर फुकट. कार्ड नसलेल्यांचे हाल वेगळे, पण कार्ड असलेल्याच्या ताटातही हिरवं काही नसतं. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, आणि त्यात बटाटा धरतच नाही. पिवळ्या पाण्यात चार फोडी सोडून त्याला भाजी म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

मेथी महिनाभरात हाती येते. पालक एकदा पेरला की कापत राहायचा. सकाळी काढलेली जुडी दुपारच्या पंगतीत असते. फोटो काढतो, हो. पुढेही काढू.

हिशेबी_माणूस
सद्गृहस्थ हजर आहेत. ‘घरी बसा’ मी म्हटलं नव्हतं, ते तिखटमीठ तुमचं.

बटाट्याचं बाजूला ठेवा. पाच गाड्या, गाडीत दोन-दोन माणसं, रामबाग ते राऊच्या पुढे आणि परत, वाटेत पोहे-जिलबी. एवढं करून दोन तास खुरपं धरायचं. बाकीचे सहा दिवस शेत कोण बघतं, ते का नाही लिहिलंत? झाबुआकडचं एक जोडपं तिथे पत्र्याच्या खोलीत राहतं. पाणी तेच देतात, रात्री नीलगाई तेच हाकलतात. मी आलो होतो तेव्हा तुमच्या एका उत्साही साहेबांनी तणाबरोबर वांग्याची रोपंही उपटली होती, आणि ती बाई मागून एकेक रोप परत मातीत दाबत येत होती. साहेब पुढच्या ओळीत, सेल्फी स्टिक हातात. तुमच्या एका तरी फोटोत ती बाई दाखवा. तिला मजुरी किती देता?

सुदामानगरची_आत्या
तुम्ही दोघं भांडा खुशाल. मला एवढंच सांगा, मेथी निवडायची कोणी?

मी ज्या अन्नछत्रात जाते तिथे ही श्रमदानाची मेथी येते. मुळासकट. पावसाळ्यात आपली काळी माती कशी असते ठाऊक आहे ना, मुळांना लाडवासारखी चिकटून येते. तीन पाण्यांतून काढली तरी चौथ्याला तळाशी गाळ असतोच. पोतंभर मेथी आणून ओतणारे म्हणतात, ‘आत्या, ताजी आहे बरं का!’ आणि जातात. मग आम्ही पाच बायका, पाटावर, कंबर मोडेपर्यंत. एकदा घाईत नीट धुतली गेली नाही, तर जेवणाऱ्या एका म्हाताऱ्याने घास थुंकला आणि म्हणाला, बाई, आलूच बरे होते. काय उत्तर देणार?

गिलकी (घोसाळी) लावा, दुधी लावा, भोपळा लावा. धुवा, चिरा, झालं. पण भोपळ्याचा फोटो चांगला येत नसेल.

हिशेबी_माणूस
आत्या, शेवटच्या ओळीला साष्टांग नमस्कार.

बोअरवेल_बंद
एप्रिलमध्ये पाणी कुठून आणता? कोणी विचारतच नाही. आमच्या कॉलनीत नळ दिवसाआड, बोअर आटलेली. नर्मदा आपल्या अंगणात वाहत नाही भिया, नदीकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर, घाट चढवून, विजेचं बिल भरून येते. ते पाणी टँकरने पालकाला घालणार असाल तर पुण्य कुठल्या खात्यात मांडायचं? माळव्याला ‘पग पग रोटी, डग डग नीर’ म्हणायला छान आहे. नीर गेलं हजार फूट खाली.

रामबागकर
टँकर एकदाही घेतलेला नाही. विहीर आहे, ठिबक आहे, उन्हाळ्यात फक्त गवार आणि भेंडी. आणि नाल्याच्या पाण्यावरची भाजी आम्ही देत नाही. कान्ह नदीच्या काठाला कशावर भाजी पिकते हे सगळ्या इंदूरला माहीत आहे, मंडीचा टेम्पो भरताना तेही विचारा. खतसुद्धा आम्ही चांगलं, पोत्यातलं, विकत आणतो.

काळीमाती
इतका वेळ गप्प होतो. खत विकत? इंदूरात राहून?

ज्या गावाच्या नावाने कंपोस्टची पद्धत जगभर ओळखली जाते त्या गावात तुम्ही पोतं विकत आणता! ती बसवणारे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे होते, आज कृषी महाविद्यालय आहे तिथेच. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, राख, असे थर. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशी तीनदा पलटी, तीन महिन्यांत खत तयार. १९३५मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा मुद्दाम बघून गेले. आणि या पद्धतीवरच्या १९३१च्या पुस्तकावर हॉवर्डसोबत यशवंत वाड हेही नाव आहे, ते मात्र कोणी घेत नाही. मी विकतच्या एका पोत्यात काचेचे तुकडे आणि शाम्पूची पुडी पाहिली आहे. घाला आता पालकाला.

नाइलाजाने_इंदूरकर
हॉवर्डने नवीन काय केलं? माझ्या आजीच्या परसात उकिरडा होता. साहेबाने येऊन त्याला इंग्रजी नाव दिलं की आपण टाळ्या वाजवायच्या.

काळीमाती
उकिरडा आणि हे एक नव्हे! उकिरड्यात हवा जात नाही, खालचं कुजतं, घाण येते, निम्मा कस पावसात वाहून जातो. पलटी हीच तर सगळी गोष्ट आहे. हॉवर्ड स्वतः इथल्या शेतकऱ्यांना आपले गुरू म्हणायचा. तुमच्या आजीला त्याने नावं ठेवली नव्हती, तुम्ही त्याला ठेवताय.

नाइलाजाने_इंदूरकर
आजीला मध्ये आणू नका.

काळीमाती
तुम्हीच आणलीत.

बोअरवेल_बंद
गंमत बघा. घरोघरी सहा प्रकारचा कचरा वेगळा करायचा, ओला कचरा देवगुराडियाला. तिथला प्लांट २०२२मध्ये सुरू झाला तेव्हा क्षमता रोजची ५५० टन होती, तेव्हापासून त्या कचऱ्याचा गॅस होतोय. आणि शेतावर खताची पोती विकत. तुमच्या दहा घरांचा ओला कचरा गाडीत टाकून न्या ना रविवारी, तसेही रिकाम्या डिक्या घेऊनच जाता.

रामबागकर
गाडीत वास येतो.

सुदामानगरची_आत्या
हं! आम्ही गाळ उपसायचा आणि यांना वास येतो.

हिशेबी_माणूस
खताचा वेगळा धागा काढा की राव. मी मूळ मुद्द्यावर येतो. अन्न कमी नाहीये. २०१७मध्ये मध्य प्रदेश सरकारने ८ रुपये किलोने कांदा घेतला, पावसात किती सडला ते सगळ्यांनी पाहिलं. लसणाचे भाव पडले की शेतकरी रस्त्यावर ओततो. ते उचला, त्याला चार पैसे द्या. नवीन पिकवायचा हट्ट कशाला?

सुदामानगरची_आत्या
ते केलंय आम्ही. संध्याकाळी मंडीत उरलेलं स्वस्तात, कधी फुकट मिळतं. टोमॅटोचा क्रेट वरून लालबुंद, खाली हात घातला की चिकट पाणी. निवडून निम्मा फेकला, आणि फेकायलाही गाडी लागली. एक दिवस कोबीच कोबी, मग चार दिवस काही नाही. अन्नछत्रात रोज माणसं जेवतात हो, भाव पडतील तेव्हा नाही. रविवारची मेथी कितीही चिखलाची असली तरी येते, एवढं मी म्हणेन. रामबागकरांनी हुरळून जाऊ नये.

हिशेबी_माणूस
बरं. बटाट्याचा मुद्दा मान्य, नेमाने येण्याचा मुद्दा अर्धा मान्य. दहा उच्चशिक्षितांनी मिळून एक मेथी सिद्ध केली, अभिनंदन.

रामबागकर
उपरोधासह स्वीकारतो. आत्या, दुधी आणि गिलकीचे वेल मांडवावर चढवतोय. मेथी यापुढे मुळं छाटून, शेतावरच एक पाणी देऊन पाठवू. काळीमाती, खड्डा कुठे खणायचा ते तुम्ही येऊन दाखवा, नुसतं लिहू नका.

काळीमाती
येतो. शेण आधी मागवून ठेवा. आणि ‘गाडीत वास येतो’वाल्यांना पलटीला उभं करा.

हिशेबी_माणूस
मजुरीचं उत्तर राहिलं.

रामबागकर
आमच्या वर्गणीतूनच देतो, वेळेवर देतो. आकडा इथे टाकणं बरं दिसत नाही.

हिशेबी_माणूस
फोटो टाकणं बरं दिसतं. आकडा टाका, मग रविवारी मी खुरपं घेऊन येतो. आणि तो पत्रा मेमध्ये किती तापतो, तेही कोणीतरी आत बसून बघा.

सुदामानगरची_आत्या
आकडा मलाही हवाय.