कॉलेजातल्या पोराला डिपेंडंट दाखवणं हा हावरटपणा कसा काय?

जर्सीची मीना:
परवा शिकागोकाकांनी लिहिलं की पोरगं अठरा पूर्ण झालं की त्याला आपल्या अमेरिकन टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून, दाखवणं हा देशी आईबापांचा हावरटपणा आहे, गोरे असं करत नाहीत, आपण पोरांच्या पहिल्या कमाईचा रिफंड मारतो. वाचून डोकंच फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय.

काका, हे अठरा कुठून आणलंत? नियम आहे १९ च्या आत, आणि वर्षातले पाच महिने फुलटाइम शिकत असेल तर २४ च्या आत. कॉलेजच्या डॉर्मवर राहतो म्हणून घर सुटत नाही, शिकायला बाहेर असलेला मुलगा घरीच आहे असं धरतात. स्वतःच्या खर्चाचा अर्ध्याहून जास्त भार त्याने स्वतः उचललेला नसावा, आणि स्कॉलरशिप त्यात मोजत नाहीत.

आणि रिफंड मारतो म्हणजे काय हो? माझ्या मुलाने उन्हाळ्यात सात हजार डॉलर कमावले. डिपेंडंट असला तरी पगारावर त्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे टॅक्स न लागणारी ठरावीक रक्कम, आहेच, कमाई अधिक ४५०, आणि २०२५ साठी कमाल १५,७५०. म्हणजे फेडरल इन्कम टॅक्स शून्य, कापलेला सगळा परत त्याच्याच खात्यात. आम्हाला त्याच्यामागे ५०० चं क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून थेट वजा, आणि कॉलेजच्या फीवर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटचे २,५०० पर्यंत. फी भरायला आम्ही घरावर लोन काढलंय. त्यातले तीन हजार परत घेतले तर हावरट?

शिकागोकाका:
कायदा मला शिकवू नका, तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून इथे रिटर्न भरतोय. मी वृत्तीबद्दल बोललो. माझ्या मुलीने कॉलेजात असताना पहिला रिटर्न स्वतः भरला, 'तुम्हाला कोणी डिपेंडंट दाखवू शकतं का' तिथे अडली, मी म्हटलं नाही म्हण, तू आता तुझी. आणि २०२० विसरलात? ज्यांनी कॉलेजची पोरं डिपेंडंट दाखवली होती त्या पोरांना कोविडचा १,२०० चा सरकारी चेक मिळाला नाही, आणि पोरगं १६ च्या वरचं म्हणून आईबापांना लहान मुलामागे मिळायचे ते ५०० पण नाहीत. आमच्या शेजारच्या मुलाचं तेव्हा भाडं थकलं होतं. बापाने आधीच्या वर्षी थोडे डॉलर वाचवले आणि पोराचे १,२०० गेले.

जर्सीची मीना:
तो २०२० चा कायदाच वाईट होता, मान्य. पण २०२१ मध्ये प्रत्येक डिपेंडंटमागे १,४०० दिले, कॉलेजच्या पोरांचेही, ते का नाही सांगत? आणि मुलीला तुम्ही चुकीचं सांगितलंत. फी तुम्ही भरत होतात ना? मग दाखवू शकत होतात. तुम्ही दाखवा न दाखवा, तिने तिथे हो च लिहायला हवं होतं.

बेएरिया निखिल:
मीनाताई, तुमचं गणित तुमच्या घरापुरतं बरोबर आहे. नवराबायकोचं मिळून उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की ते २,५०० कमी व्हायला लागतात आणि १,८०,००० ला संपतात. इथे दोघं नोकरी करत असतील तर कोण बसतं त्यात? आम्हाला मिळतात फक्त ५००. मुलाने इंटर्नशिपमध्ये तीस हजार कमावले, त्याला चौदाशेच्या वर टॅक्स येतो. आम्ही त्याला डिपेंडंट दाखवला नाही तर तेच फीचं क्रेडिट तो स्वतः घेतो आणि त्याचा टॅक्स शून्य होतो. 'कोणी डिपेंडंट दाखवू शकतं का' तिथे तो हो च लिहितो, सगळं कायदेशीर. पाचशे सोडायचे, चौदाशे वाचवायचे.

शिकागोकाका:
बघा, म्हणजे मी म्हणत होतो तेच.

जर्सीची मीना:
अजिबात तेच नाही. निखिल आकडेमोड करतोय, तुम्ही संस्कार काढताय. निखिल, तुझ्या उत्पन्नाला तुझं बरोबर आहे, एवढंच म्हणेन.

सातारकर डॅलस:
तुम्ही लोक पाचशे नि चौदाशेवर भांडताय. माझे आईबाबा साताऱ्याजवळ गावी आहेत, त्यांचा सगळा खर्च मी इथून करतो, आईचं डायलिसिस, बाबांची औषधं, कामाला बाई, घराची डागडुजी. रिटर्नवर याची एक ओळ सुद्धा नाही. का, तर डिपेंडंट अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी पाहिजे, नाहीतर कॅनडा किंवा मेक्सिकोचा रहिवासी. माझ्या टीममधला मेक्सिकन मुलगा आईला ग्वादालाहाराला पैसे पाठवतो, तो तिला दाखवतो. माझी आई आई नाही का?

बेएरिया निखिल:
ग्रीन कार्ड करून आणा, मग बसतील नियमात.

सातारकर डॅलस:
डायलिसिसवरच्या बाईला विमानात घालू? आणि आणली तरी नव्याने आलेल्याला मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायला सुद्धा पाच वर्षं थांबावं लागतं. शिवाय डिपेंडंट दाखवायला त्यांचं स्वतःचं करपात्र उत्पन्न ५,२०० डॉलरच्या आत पाहिजे, हा २०२५ चा आकडा. बाबांची पेन्शन आणि एफडीचं व्याज धरलं की ते ओलांडतंच, आणि इथले रहिवासी झाले की तिकडचं उत्पन्न पण मोजतात. असले सल्ले फुकट मिळतात.

शिकागोकाका:
मुलांबद्दल बोलत होतो ना आपण? आईबापांना पैसे पाठवणं हे कर्तव्य आहे, त्याची सूट कसली मागताय?

सातारकर डॅलस:
काका, मुलाला शिकवणं कर्तव्य नाही का? मग त्याचं क्रेडिट सरकार का देतं? मी कर्तव्याचा हिशोब मागत नाहीये, या देशात पूर्ण टॅक्स भरतो, माझ्या डोक्यावर किती माणसं आहेत ते मोजा एवढंच म्हणतोय. आमच्याकडे एकट्या बायकोमुलांना कुटुंब म्हणत नाहीत.

अनुजा के:
इथे सगळी नवराबायको मिळून रिटर्न भरणारी दिसताहेत. माझा घटस्फोट झालाय. मुलं वर्षातल्या जास्त रात्री माझ्याकडे असतात म्हणजे हक्क माझा, तो हक्क दुसऱ्या पालकाला सोडायच्या फॉर्म ८३३२ वर मी सही केलेली नाही, तरी त्यांच्या वडिलांनी आधी फाइल करून दोघांना दाखवलं आणि माझा ऑनलाइन भरलेला रिटर्न, ई-फाइल, रिजेक्ट. मग कागदावर पाठवा, शाळेचं पत्र आणा, डॉक्टरकडचा पत्ता दाखवा. ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांनी आयआरएसच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, साइटवरून आयपी पिन, म्हणजे ओळख पटवायचा गुप्त नंबर, काढून ठेवा, तो टाकला की आता कोणी आधी दाखवलं असलं तरी ई-फाइल घेतात. दोन पोरांच्या चाइल्ड टॅक्स क्रेडिटचे २,२०० प्रमाणे ४,४०० म्हणजे माझं तीन महिन्यांचं किराणा सामान आहे, हे ज्यांना हावरटपणा वाटतं त्यांनी कधी एकटीने घर चालवून बघावं.

नागपूर ते ओहायो:
अनुजाताई, तुम्हाला मुलामागे २,२०० तरी मिळतात. आमची मोठी नागपूरला जन्मली, दोन वर्षांची असताना एच-४ वर, म्हणजे आमच्या वर्क व्हिसामागच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आली, अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. धाकटा इथे कोलंबसला जन्मला. त्याचे २,२००, हिचे ५००. एका घरात, एका ताटात जेवणारी दोन मुलं. हिला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, त्याऐवजी फक्त टॅक्सपुरता नंबर, आयटीआयएन, आहे. २०१७ पर्यंत आयटीआयएनवाल्या मुलाला पूर्ण क्रेडिट मिळायचं, २०१८ पासून काढून घेतलं. तेव्हा कोणी बोललं का? सगळ्यांच्या पोरांचे पासपोर्ट अमेरिकन झाले होते.

शिकागोकाका:
हा अन्याय आहे, यात माझं दुमत नाही. अनुजाबाई, तुम्हाला उद्देशून मी लिहिलं नव्हतं. पण दीडदोन लाख कमावणाऱ्यांनी वीस वर्षांच्या घोड्याला डिपेंडंट म्हणणं मला पटत नाही ते नाहीच.

जर्सीची मीना:
दीड लाखात जर्सीत दोन पोरं शिकवून दाखवा. तो घोडा फाफ्सा, म्हणजे कॉलेजच्या आर्थिक मदतीचा सरकारी फॉर्म, भरतो तेव्हा २४ पर्यंत आमचंच उत्पन्न बघतात, रिटर्नवर दाखवा नाहीतर दाखवू नका. मदत नाकारताना तो आमचा, आणि टॅक्सच्या वेळी त्याने स्वतंत्र व्हायचं? हावरट हा शब्द मागे घ्या, मग पुढे बोलू.

सातारकर डॅलस:
तुमचा शब्द नंतर मागे घ्या. आईबाबा वर्षातले सहा महिने इथे व्हिजिटर व्हिसावर राहिले तर मुक्कामाच्या दिवसांवरून रहिवासी धरतात का, हे कोणी करून बघितलंय? सीएचा नको, स्वतःचा अनुभव सांगा.