नागिणीचं वेटोळं पुरं का होत नाही

नागीण म्हणजे अंगावर पट्ट्यात उठणारे फोड. त्या पट्ट्याची दोन टोकं, म्हणजे नागिणीचं तोंड-शेपूट जुळून वेटोळं पुरं झालं की माणूस जातो, असं म्हणतात. आमच्या खानापूर भागातही हेच ऐकत मोठे झालो. ऐन सुगीत मामांच्या उजव्या कुशीत आग आग व्हायला लागली. भाताचे भारे उचलून कूस भरली असेल म्हणून शेकत बसले. तिसऱ्या दिवशी पाण्यानं भरलेले बारीक फोड उठले, पाठीपासून बेंबीपर्यंत पट्ट्यात. आणि बेंबीशी थांबले, जणू कुणी पट्टी लावून आखलंय.

तीच खरी खूण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी विषाणू जात नाही, पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत पडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या गाठीतला जागा होतो आणि त्याच तंतूनं कातडीपर्यंत येतो. तंतू डावे-उजवे वेगळे, मग वेटोळं सहसा पुरं होणार कसं?

मामी फोडांवर लावायला काव, म्हणजे तांबडी माती, उगाळत बसल्या होत्या. कावेनं विषाणू मरत नाही हो! असायक्लोव्हिरसारखी गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाली तर खरा उपयोग. आमचे ते दिवस कावेतच गेले. फोड वाळले, पण सदरा घासला तरी मामा अजून कळवळतात. डोळ्याजवळ उठली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नजर जाऊ शकते.

आणि हो, एकाची नागीण दुसऱ्याला नागीण म्हणून लागत नाही. पण फोडांतलं पाणी लागलं, तर कांजिण्या न झालेल्या पोराला कांजिण्या येऊ शकतात.